दुसरीने पाहिला तरच

—आणि आधी दार लाव. नीट. कडी लागत नाही त्याची, तो दगड सरकव पायाने. हां. आता बस इथे, माझ्या शेजारी. अगं बस की, चावते का मी? सर आणि बाकीच्या पलीकडच्या बांधावर आहेत, इकडे यायला त्यांना वेळ लागेल, आणि मी मुद्दामच तुला हाक मारली—म्हटलं, सकाळपासून बिचारी एकटी एकटी फिरतेय, हिच्याशी कुणीतरी बोलायला हवं. आपण कधी बोललोच नाही ना? शाळा सुरू होऊन एवढे महिने झाले, एका क्लबात आहोत, आणि तुझा आवाज कसा आहे तेही मला माहीत नाही. नाही, आत्ता नको बोलूस. आत्ता ऐक. बूट बाहेर काढलेस ते बरं केलंस, चिंब झालेत, उन्हात वाळतील जरा. आणि हात आत घे. फटीतून हात बाहेर काढायचा नाही, पाखरं बघायच्या या खोलीचा हा एकच नियम. आपण त्यांना दिसता कामा नये. हळू बोललेलं चालतं, पण हात दिसला की तळ्यावरचं एकूण एक पाखरू उडतं, आणि मग बसा नुसत्या चिखलाकडे बघत. मागच्या वर्षी एकीने केळ्याचं साल टाकायला हात बाहेर काढला होता. सरांनी तिला पुन्हा आणलंच नाही. आता ती चित्रकलेच्या क्लबात आहे, केळी रंगवते.

हसलीस! म्हणजे हसता येतं तुला.

बघ, तळं अजून रिकामंच आहे. ते लांब लाल पायांचे शेकाटे आहेत, पण ते इथलेच, त्यांना कोण विचारतं. भरती चढू दे, मग मजा बघ. सकाळी ओहोटी होती तेव्हा किनाऱ्यावर ती बारकी बारकी पाखरं ओल्या वाळूवर पसरली होती ना—आता ती वाळू पाण्याखाली गेली की त्यांना उभं राहायला जागा उरत नाही. मग थवेच्या थवे उठतात आणि इथे येतात, या चिखलात, अगदी आपल्या नाकासमोर. म्हणून तर सर आधी किनारा दाखवतात आणि दुपारी इथे आणतात. हे सगळं मला पाठ आहे. पहिल्या वर्षापासून आहे मी या क्लबात. लहान मुली मला ताई म्हणतात, तूही म्हण हवं तर. नाही म्हटलंस तरी चालेल.

तर सकाळचं. तू आणि टिटवी खडकांच्या पार टोकाला गेला होतात, आम्ही सगळ्या वर वाळूवर डबे उघडून बसलो होतो, आणि टिटवी धावत आली—कशी धावते बघितलंस ना, ते काडीसारखे पाय आणि तो आवाज, 'सर, सर, सर!'—टिटवी हे नाव मीच ठेवलंय, आता तिची आईसुद्धा चुकून म्हणते—तर आली आणि म्हणाली, सर, चमच्या! चमच्या टिलवा! सरांच्या हातातलं झाकण खाली पडलं. तू नवीन आहेस, तुला कल्पना नाही, इथे तो पक्षी कुणी पाहिलेला नाही. सरांनीसुद्धा नाही. चिमणीएवढा जीव, चोचीचं टोक चमच्यासारखं चपटं, आणि कुठून कुठून उडत येतो या दिवसांत. सगळ्या धावत गेल्या तर तिथे काय? लाटा. आणि आपला नियम तुला माहीत आहे—एकटीने पाहिलेला पक्षी यादीत धरत नाहीत. दुसरीने पाहिला तरच धरतात. सर त्यांचा स्वतःचासुद्धा धरत नाहीत. म्हणून बसमध्ये त्यांनी तुला विचारलं, तू पाहिलास का? आणि तू काय केलंस? मान खाली! मला इतकं हसू आलं. सर म्हणाले, घाबरू नकोस, आठव नीट, संध्याकाळी बसपाशी सांग. चांगले आहेत सर. पण त्यांना वाटतं सगळ्याच मुली चांगल्या असतात.

नाही, तुला माहीत नसेल म्हणून सांगते. आज संध्याकाळी ते बेटावरच्या कॅम्पचं शेवटचं नाव ठरवणार आहेत. माझं नाव कधीच ठरलंय, तो प्रश्न नाही. हिवाळ्यात आठवडाभर बेटावर राहायचं, तिथली मोठी माणसं जाळ्यात पक्षी धरून त्यांच्या पायात कडी घालतात, आपण तो पक्षी हातात धरायचा. हातात, कळलं? त्याचं काळीज आपल्या बोटांना लागतं म्हणे. टिटवीने वर्षभर दुसरं काही डोक्यात आणलेलं नाही. रोज शाळा सुटली की इकडे, या बांधावर. तिची आई आमच्या आईला सांगत होती, पोरगी झोपेत पक्ष्यांची नावं घेते. आणि परीक्षा झाली की ते गाव सोडून जाणार आहेत, वडिलांची बदली झालीय, म्हणजे या वर्षी नाही तर कधीच नाही. चमच्या धरला गेला तर सर डोळे मिटून तिचं नाव घेतील. नाही धरला गेला—तर मग ती नुसती ओरडणारी मुलगी. आणि ते सगळं तुझ्यावर आलंय. गंमत आहे ना? जिला कुणी विचारत नाही तिच्यावर.

मी तुला खोटं बोलायला सांगत नाहीये हं. अजिबात नाही. तू फक्त 'नीट दिसलं नाही' म्हणायचं. एवढंच. आणि खरंच सांग, तुला काय कळतं? परवापर्यंत तुला बगळा आणि बदक यातला फरक कळत नव्हता. सरळ तोंडावर बघितल्याशिवाय ती चोच कळत नाही, बाजूने तो साध्या टिलव्यासारखाच दिसतो, आणि साधे टिलवे तर पोत्याने ओतल्यासारखे असतात या दिवसांत. टिटवी म्हणाली 'ते बघ', तू म्हणालीस 'हो'. ती 'तो बघ हत्ती' म्हणाली असती तरी तू हो म्हणाली असतीस. कारण तिने तुला दुर्बीण दिली. माहीत आहे मला. स्वतःची दुर्बीण तुझ्या गळ्यात घातली आणि स्वतः नुसत्या डोळ्यांनी फिरली दिवसभर. ती अशीच आहे. आधी देते. मग तू आयुष्यभर तिची देणेकरी.

तू मला कशाला नाही म्हणशील, मला कळत नाही. बघ, परत जाताना मी मागच्या लांब सीटवर खिडकीशी बसते, माझ्या शेजारची जागा तुझी. उद्यापासून मधल्या सुट्टीत आमच्याबरोबर डबा खायचा. आत्ता कुठे खातेस? जिन्याखाली ना? घसरगुंडीसारखा तो उतार आहे तिथे, भिंतीला पाठ लावून. सगळ्यांना माहीत आहे. तुला काय म्हणतात तेही माहीत आहे का तुला? पाल. भिंतीला चिकटलेली असतेस ना, हलत नाहीस, बोलत नाहीस, नुसती बघतेस. म्हणून पाल. रडू नकोस गं, रडण्यासारखं काय आहे त्यात, पाल काही वाईट नसते, डास खाते. आणि मी एकदा सांगितलं तर उद्यापासून एक मुलगी तसं म्हणणार नाही. कशावरून काय? नाव ठेवलं कुणी? जी ठेवते तीच काढू शकते ना.

पूस डोळे. दुर्बिणीची काच भिजेल, तिचीच आहे ती.

आणि असं काय मोठं होतं त्या पाखरात? एवढंसं, मान खाली घालून, हिरवं कडं घातलेला पाय टाकत, चोच इकडून तिकडे झाडू मारल्यासारखी—काय? असं काय बघतेस? झाडू मारतो तो चिखलात, पुस्तकात चित्र आहे. कडं? कडं टिटवीनेच सांगितलं की. सांगितलं नाही? 'चमच्या, चमच्या' एवढंच ओरडत होती, बरोबर, धाप लागली होती तिला. मग बसमध्ये सांगितलं असेल. नाही? बरं, नसेल. पण एक बघ, मी कडं म्हटल्याबरोबर तू दचकलीस. म्हणजे कडं तू पाहिलंयस. तुझ्या चेहऱ्यावर लिहिलंय सगळं, तुझ्याइतकी सोपी मुलगी मी बघितली नाही. हो, स्कोप होता माझ्यापाशी, ती तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण. सगळ्या डब्यात तोंड घालून बसल्या होत्या आणि मी स्कोप फिरवत होते, फिरवता फिरवता तुम्ही दोघी आलात त्यात, गुडघ्यावर बसलेल्या, टिटवीचा हात तुझ्या खांद्यावर, आणि पुढे काहीतरी चालत होतं. मी कशाला सांगू सरांना? मला विचारलंय का त्यांनी? तुला विचारलंय.

मी वाईट आहे असं वाटतंय ना तुला? थांब, तुला टिटवी कोण आहे ते सांगते. टिटवी थापाडी आहे. हो! तुझी ती सोज्वळ टिटवी. मागच्या हिवाळ्यात, याच तळ्यावर, पलीकडच्या काठाला ते वाळकं झाड दिसतंय ना, तिथे एक पांढरं घुबड होतं. दिवसाढवळ्या, फांदीवर, दोन काळे डोळे. सरांना पलीकडून दिसेना, ते म्हणाले दुसरीने बघा. टिटवीने स्कोपला डोळा लावला. किती वेळ बघत होती! मला तिच्या मानेची शीर दिसत होती. मग डोळा काढला आणि म्हणाली, 'हो सर, घुबडच आहे. उडालं बघा आत्ता.' आणि धरलं गेलं ते घुबड. शाळेच्या फळ्यावर लिहिलं गेलं. आणि ते घुबड नव्हतंच! प्लास्टिकची पिशवी होती, काट्यांत अडकलेली, तिच्यावर काहीतरी काळं छापलेलं. टिटवीला दिसलं होतं सगळं, पिशवीचे बंद वाऱ्यावर हलताना दिसले होते, आणि तरी म्हणाली घुबड. जी पिशवीला घुबड म्हणते ती टिलव्याला चमच्या म्हणणार नाही कशावरून?

आधी कुणी म्हटलं? काय आधी कुणी म्हटलं? घुबड? ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की टिटवी—

मी म्हटलं. मग? मला वाटलं होतं घुबड. मी मोठ्याने ओरडले होते, सगळ्या शाळेसमोर, वरच्या वर्गातली मुलं होती, माझे बाबा होते त्या दिवशी, सहज आले होते बघायला, आणि ते लगेच सगळ्यांना सांगायला लागले, माझी मुलगी आहे ती. चूक कुणाची होत नाही? लांबून, वाऱ्यात. त्या वेळी टिटवी सरळ म्हणाली असती ना, 'अगं वेडे, पिशवी आहे ती', तर सगळे हसले असते, मीपण हसले असते, संपलं असतं. पण नाही. तिने माझ्याकडे बघितलं. एकदाच. आणि मग म्हणाली, 'घुबडच.' आणि सगळ्या डबा खायला गेल्या तेव्हा ही एकटी गुडघाभर चिखलातून त्या काठाला गेली आणि पिशवी काढून आणली. कुणाला दिसू नये म्हणून. मला दिसलं. मी याच फटीतून बघत होते. आणि एक शब्द बोलली नाही—तेव्हा नाही, नंतर नाही, आजपर्यंत नाही. त्या घुबडामुळे मी क्लबाची प्रमुख झाले, तरी नाही. अभिनंदन करायला आली. हसत! तुला कळतंय का मी काय म्हणतेय? आम्ही दोघी पहिलीपासून एका बाकावर बसायचो. त्या दिवसानंतर मला तिच्या शेजारी बसता येईना. काही न करता ती नुसती बसायची आणि माझ्या पोटात गोळा यायचा. मी बाक बदलला.

आणि पिशवी जपून ठेवलीय तिने. फेकली नाही, फाडली नाही, घडी केली. अजून तिच्या दप्तरात आहे, त्यात ती कोरड्या चपला घालून आणते, बघ तू. चपलांसाठी दुसरी पिशवी मिळत नाही घरात? कशाला आणते तीच? प्रत्येक सहलीला, माझ्यासमोर, ती पिशवी काढायची आणि घडी करून परत ठेवायची. आणि आता मी त्या बेटावर आठवडाभर तिच्याबरोबर राहू? तंबूत दोघी दोघी असतात, माहीत आहे? वरच्या वर्गातल्या गेल्या वर्षी गेल्या होत्या, त्या म्हणाल्या, अंधार पडला की गप्पाच गप्पा, सगळं सगळं बोलतात एकमेकींशी. मी काय बोलू तिच्याशी? ती काही बोलणार नाही. हेच. ती काहीच बोलणार नाही, आणि मला—

श्श. आले.

बघितलंस? सांगितलं होतं ना, भरती. केवढे आले! हलू नकोस, फक्त डोळे. टिलवे, टिलवे, तो मोठा चिखल्या, परत टिलवे. काय सुरेख उतरतात, एकदम सगळे एका बाजूला वळून, कुणी दोरी ओढावी तसे. किती जवळ आहेत. श्वास ऐकू जाईल आपला. आता या एवढ्यात तो एक असला तरी कुणाला—

दुर्बीण खाली कर.

खाली कर म्हटलं ना. काही नाही तिथे. तिकडे नको बघूस, डावीकडे बघ, शेकाटे बघ किती छान आहेत. नाही, तो साधा आहे. बाजूने आहे म्हणून तसा वाटतो. साधाच आहे, मला माहीत आहे, मी किती वर्षं—

वळला.

काय चोच आहे. खरोखर चमचाच. आणि कडं. चिखलातूनसुद्धा कसं चमकतंय. अगं, हातातसुद्धा येईल इतका जवळ आहे. आपल्याकडेच येतोय, बघ, झाडत झाडत, किती लगबग, जसं काही त्याला आवरून कुठे जायचंय.

कोण बोलतंय? बांधावर? सर आहेत. आणि टिटवी पुढे, धावतेय, बांधावरच्या कुडाच्या पुढच्या फटीशी आली की दिसेल तिला—नाही. उठू नकोस. तोंड उघडायचं नाही, कळलं? तू जर आत्ता हाक मारलीस ना, तर मी शप्पथ सांगते, या शाळेत तुझ्याशी एक मुलगी—खाली बस! बस म्हणते ना! हात सोड माझा. सोड.

हा बघ हात. हा बघ, बाहेर. जा! जा, जा, जा!

गेले.

एकही राहिला नाही. शेकाटेसुद्धा गेले. रडणं बंद कर, सर दाराशी आलेत. घे नाक पुसून. काहीही नव्हतं इथे. मला शब्द दे. नुसती मान हलव. हं.

काही नाही सर, आम्ही बसलो होतो आणि अचानक उठले सगळे. वरून घार गेली बहुतेक. नाही सर, विशेष काही नव्हतं, टिलवे होते आणि एक चिखल्या. हात? नाही सर, हात कोण काढेल, मीच तर हिला नियम सांगत होते. ही ना, सर, हिला तुम्हाला सांगायचंय काहीतरी, सकाळचं. आत्ताच माझ्यापाशी म्हणत होती, बसपाशी सगळ्यांसमोर नको, इथेच सांगते. लाजते हो ती. सांग ना गं. सर काही खात नाहीत तुला. मोठ्याने सांग, टिटवीलाही ऐकू जाऊ दे.

ऐकलंत ना सर? 'नीट दिसलं नाही' म्हणाली. मग नियम म्हणजे नियम. हो, वाईट तर मलाही वाटतंय. टिटवे, बघ आता, पुढच्या—अरे हो, तू तर पुढच्या वर्षी नसणार. ठीक आहे सर, तुम्ही व्हा पुढे, मी स्कोप आवरून येते.

काही बोलली नाही ती. बघितलंस? ओरडेल, तुझ्या झिंज्या धरेल असं वाटलं होतं मला, तसं केलं असतं तर बरं झालं असतं. दाराबाहेर काय करतेय? वाक जरा, मला दिसत नाही. दप्तर उघडलं. ती बघ, ती बघ पिशवी, मी म्हटलं नव्हतं? ती आता सरांना दाखवणार, आता बघ ती सरांना—

चपला काढल्या.

तुझ्यासाठी ठेवल्यात उंबऱ्यापाशी. आणि तुझे ओले बूट त्या पिशवीत घालतेय. बंद बांधतेय. थांबलीय तुझ्यासाठी, बघ ना, स्वतः अनवाणी, बोटं मुडपून तापलेल्या दगडांवर उभी आहे.

जा मग. अशी काय उभी राहिलीस खांबासारखी? माझ्याजवळ? माझ्याजवळ कशाला? ते सीटचं खरं वाटलं तुला? जी तिला नाही म्हणाली, ती उद्या मलाही म्हणेल. तशा मुलीला शेजारी कोण बसवून घेतं? जा, ती बोलावतेय, हात करतेय बघ. काय झालं? पाय उचलत नाही? वर बघवत नाही तिच्याकडे? पोटात काहीतरी होतंय ना, इथे, फासळ्यांच्या खाली, गोळ्यासारखं? हां. तेच ते. आता रोज होईल. ती हसेल, तुझ्यासाठी जागा धरेल, डब्यातलं देईल, तेव्हा तेव्हा होईल.

जा म्हटलं ना, पाली. आणि दार ओढून घे जाताना.